आठव्या मैलाची भिंत

अमेरिकेतील मिशिगन राज्यातले डेट्रॉइट हे शहर आपल्या वाचकांना दोन कारणांनी परिचित असेल. एक, मोटारींचे माहेरघर म्हणून. आणि दुसरे, संघटित मोटार-कामगारांची बलाढ्य चळवळ जेथे उभी राहिली ते ठिकाण म्हणून. या शहराची उत्तर सीमा म्हणजे एक रुंद हमरस्ता. त्याचे नाव ‘आठवा मैल’. रस्त्याच्या दक्षिणेला डेट्रॉइट, उत्तरेला ओकलंड आणि मॅकोम्ब परगण्यांतील उपनगरे. सकाळी माणसे हा रस्ता ओलांडून कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. मुले मात्र शाळेसाठी सहसा तो ओलांडू शकत नव्हती. या एका रस्त्याने जे वेगळे केले, त्याचा हिशेब आजही पुरा झालेला नाही.

आकडे आधी पाहू. अमेरिकी जनगणना खात्याच्या अलीकडच्या पाहण्यांनुसार डेट्रॉइटमधील मधल्या पायरीवरील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न चाळीस हजार डॉलर्सच्या आत-बाहेर आहे. शेजारच्या ओकलंड परगण्यात ते नव्वद हजारांच्या पुढे जाते. ओकलंडमधील जवळजवळ निम्मे प्रौढ पदवीधर आहेत. डेट्रॉइटमध्ये सहांत एकाच्या आसपास. डेट्रॉइटचा सुमारे तिसरा हिस्सा दारिद्र्यरेषेखाली राहतो. आणि २०२० च्या जनगणनेप्रमाणे या शहरातील चार माणसांपैकी तीनहून अधिक कृष्णवर्णी आहेत. हे सारे एकाच महानगरात, एकाच कामगार-बाजारात, मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरात आहे.

हे असे का झाले, याचे एक सोपे उत्तर तेथेही दिले जाते आणि आपल्याकडेही आवडीने उगाळले जाते. ते असे की, ज्यांनी मेहनत केली, मुलांना शिकवले, ते पुढे गेले. ज्यांनी केले नाही ते मागे राहिले. या उत्तराची शहानिशा केली पाहिजे. ती केली की जे दिसते, ते समाजवादी चळवळीलाही स्वतःकडे पाहावयास लावणारे आहे.

भिंत कोणी बांधली?

१९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर्स देण्याची घोषणा केली. पुढे पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, आणि दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरून, जमीनदार आणि झुंडशाही यांच्या दहशतीतून निघालेली लक्षावधी कृष्णवर्णी माणसे उत्तरेकडील कारखान्यांकडे आली. काम मिळाले, पण बहुधा ओतशाळेतले, भट्टीपुढचे, सर्वांत धोक्याचे. घर मिळणे त्याहून कठीण. १९२५ साली ऑसियन स्वीट या कृष्णवर्णी डॉक्टरने गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा त्याच्या दारापुढे जमाव जमला, दगडफेक झाली, घरातून गोळी सुटली आणि एक माणूस मेला. क्लॅरेन्स डॅरोसारखा वकील उभा राहिला म्हणून तो कुटुंबासह शिक्षेतून वाचला.

परंतु जमावाचा दगड हे या व्यवस्थेचे खरे हत्यार नव्हे. ते सरकारी कचेरीत होते. मंदीच्या काळात घरबांधणीला चालना देण्यासाठी १९३४ साली संघराज्य सरकारने गृहकर्जांना हमी देणारे खाते काढले. या खात्याच्या नियमपुस्तिकेत मिश्र वस्तीला कर्ज देणे जोखमीचे मानले गेले होते. शहरांचे नकाशे रंगवले गेले आणि कृष्णवर्णी वस्त्या लाल रंगात गेल्या. १९४१ साली आठव्या मैलाच्या जवळ एका बांधकाम-धंदेवाल्याला गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती; शेजारी कृष्णवर्णी वस्ती असल्यामुळे हमी मिळेना. त्याने दोन वस्त्यांच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब सिमेंटची भिंत बांधली आणि हमी मंजूर झाली! ही भिंत आजही उभी आहे. मुलांनी खेळताना चढून बसावे एवढीच तिची उंची. पण एका बाजूला वीस-तीस वर्षांच्या हप्त्यांवर मिळणारे घर आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट भाड्याची खोली, इतके तिचे सामर्थ्य होते.

ज्या उपनगरांना भिंत बांधण्याची गरज नव्हती, त्यांच्याकडे इतर उपाय होते. ग्रोस पॉइंट या तळ्याकाठच्या श्रीमंत उपनगरात घरविक्रीचे दलाल ग्राहकांना चक्क गुण देत. कातडीचा रंग किती सावळा, उच्चार किती परदेशी, राहणी किती ‘अमेरिकन’, याची गुप्तपणे चौकशी होई. पोलिश माणसाला उत्तीर्ण व्हावयास कमी गुण लागत, दक्षिण युरोपीयाला अधिक, ज्यूला त्याहून अधिक. कृष्णवर्णी आणि आशियाई यांना परीक्षेलाच बसता येत नसे. १९६० साली हा प्रकार उघडकीस आला. जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला या श्रेणीबद्ध विषमतेचे स्पष्टीकरण द्यावयास नको.

कारखान्याच्या फाटकापर्यंतचे ऐक्य

येथे आपल्या विचारांच्या माणसांना टोचणारा भाग येतो. संयुक्त मोटार-कामगार संघटना ही अमेरिकेतील पुरोगामी संघटनांपैकी एक. १९३७ मध्ये फोर्डच्या गुंडांचा मार वॉल्टर रूथर यांनी अंगावर घेतला, १९४१ मध्ये फोर्डला संघटना मान्य करावी लागली, आणि त्या लढ्यात कृष्णवर्णी कामगारांची साथ निर्णायक ठरली. २३ जून १९६३ रोजी डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरून एक लाखाहून अधिक माणसांचा मोर्चा निघाला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर रूथरही चालत होते. हे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि याच संघटनेच्या सभासदांनी जून १९४३ मध्ये पॅकार्ड कारखान्यात काय केले? तीन कृष्णवर्णी कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोऱ्या कामगारांनी, नेत्यांचा विरोध डावलून, काम बंद ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरात दंगल उसळली. चौतीस माणसे मेली आणि त्यांतील पंचवीस कृष्णवर्णी होती. युद्धानंतर संघटनेने वेतन वाढवून घेतले, निवृत्तिवेतन मिळवले, आजारपणाची सोय करून घेतली. एकाच पट्ट्यावर काम करणाऱ्या गोऱ्या आणि काळ्या कामगारांना समान दर मिळू लागला. पण फाटकाबाहेर पडल्यावर त्या समान पगाराचे मोल समान उरत नसे. गोरा कामगार सरकारी हमीच्या कर्जाने उपनगरात घर घेई; ते घर वीस वर्षांत दुपटीतिपटीने वाढे; त्यावर मुलगा महाविद्यालयात जाई. काळा कामगार तोच पगार घेऊन भाडे भरी.

डिअरबॉर्नचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. फोर्डचा प्रचंड रूज कारखाना याच गावात. कृष्णवर्णी कामगार तेथे हजारोंनी राबत, पण त्या गावात त्यांना राहता येत नसे. ऑर्व्हिल हबर्ड नावाचे महापौर उघडपणे वर्णभेदाचा पुरस्कार करीत १९४२ पासून १९७८ पर्यंत निवडून येत राहिले, आणि त्यांना मते देणाऱ्यांत संघटनेचे सभासद असणारच. वॉरन हे असेच मोटार-कारखान्यांचे उपनगर. १९७० च्या जनगणनेत तेथील सुमारे पावणेदोन लाख वस्तीत कृष्णवर्णी माणसे दीडशेही भरली नाहीत.

१९६८ साली डॉज कारखान्यातील कृष्णवर्णी कामगारांनी वेगळी क्रांतिकारी संघटना उभारली, तेव्हा त्यांच्यावर फुटीरपणाचा आरोप झाला. आपल्याकडे दलित कार्यकर्त्यांनी वेगळे व्यासपीठ मागितले की असाच आरोप होतो. पण ऐक्य आधी कोणी मोडले होते, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता. वर्गीय ऐक्याची हाक जो कारखान्यात देतो आणि आळीत विसरतो, त्याच्या हाकेवर दुसऱ्याने विश्वास का ठेवावा?

दरम्यान भांडवलाने आपला मार्ग धरला होता. १९४७ ते १९६३ या सोळा वर्षांत डेट्रॉइट शहरातून सुमारे एक लाख चौतीस हजार कारखानी नोकऱ्या गेल्या. कारखाने उपनगरांत गेले, दक्षिणेत गेले. कृष्णवर्णी व्यापाराचे आणि संगीताचे केंद्र असलेला हेस्टिंग्ज रस्ता आणि भोवतालची वस्ती पाडून तेथून उपनगरवासीयांच्या सोयीचा द्रुतमार्ग काढण्यात आला. जुलै १९६७ मध्ये शहर पुन्हा पेटले, त्रेचाळीस माणसे मेली. ‘त्या दंगलीमुळे गोरे पळाले आणि शहर बुडाले’ असे सांगण्याची पद्धत आहे. वस्तुतः शहराची लोकसंख्या १९५० पासून, म्हणजे दंगलीच्या सतरा वर्षे आधीपासून, घटत होती. त्या वर्षी ती साडेअठरा लाख होती. २०२० मध्ये ती साडेसहा लाखांच्याही खाली आली.

न्यायालय सीमेवर थांबले

शाळांचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. शाळेतील वर्णभेद घटनाबाह्य आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला होता. दक्षिणेत कायद्यानेच शाळा वेगळ्या होत्या. उत्तरेत वस्त्याच वेगळ्या, म्हणून शाळा वेगळ्या. १९७० साली कृष्णवर्णी पालक आणि त्यांची राष्ट्रीय संघटना न्यायालयात गेली. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी पुरावा ऐकून निष्कर्ष काढला की ही फाळणी आपोआप झालेली नाही. शासनाची आणि शिक्षण मंडळाची धोरणे तिला जबाबदार आहेत. शहरातील शाळांत गोरी मुलेच फारशी उरली नसल्यामुळे केवळ शहरापुरता उपाय व्यर्थ ठरणार होता. म्हणून त्यांनी डेट्रॉइट आणि भोवतालचे त्रेपन्न शालेय विभाग एकत्र धरून योजना आखण्यास सांगितले. सुमारे पावणेआठ लाख मुलांचा त्यात समावेश होता.

यावर उपनगरांत जे वादळ उठले ते केवळ धनिकांचे नव्हते. ऑगस्ट १९७१ मध्ये ओकलंडमधील पाँटियाक गावी शाळेच्या दहा बसगाड्या सुरुंगाने उडवण्यात आल्या. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिशिगनमधील प्राथमिक निवडणुकीत, वर्णभेदाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याची कारकीर्द गाजली तो जॉर्ज वॉलेस विजयी झाला. कामगारांच्या या राज्यात ही मते आकाशातून पडली नव्हती.

२५ जुलै १९७४ रोजी ‘मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांची योजना रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, सबब शालेय विभागांच्या सीमा ओलांडता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. सीमा कोणी आखल्या, त्या सीमेच्या आत घर कोणाला घेऊ दिले आणि कोणाला नाही, या प्रश्नांपुढे न्यायालयाने हात टेकले. ज्यांनी वकील म्हणून १९५४ चा खटला जिंकला होता, ते थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी विरोधी निकालपत्रात इशारा दिला की, महानगराची एक गोरे आणि एक काळे अशी दोन शहरे होऊ देणे आज सोयीचे वाटेल, पण देशाला त्याचा पुढे पश्चात्ताप होईल. आज डेट्रॉइटच्या सार्वजनिक शाळांत गोऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा पाचाहूनही कमी आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, सॅन अँटोनिओच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि स्थानिक मालमत्ता-करावर शाळा चालवणे घटनेशी विसंगत नाही, असे ठरवले होते. हे दोन निकाल एकत्र वाचले म्हणजे यंत्र कसे चालते ते कळते. घराची किंमत वस्तीवर ठरते. कर घराच्या किमतीवर बसतो. शाळा करावर चालते. चांगल्या शाळेमुळे घराची किंमत आणखी वाढते. एका बाजूला हे चक्र वर नेते, दुसऱ्या बाजूला खाली. ते फिरवण्यासाठी आज कोणी वर्णद्वेष्टा असण्याचीही आवश्यकता नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या मुलाचे भले पाहावयाचे, एवढे पुरेसे आहे.

मिशिगनने १९९४ मध्ये शाळांच्या चालू खर्चाचा मोठा भार स्थानिक मालमत्ता-करावरून काढून राज्याच्या विक्रीकरावर टाकला, ही सुधारणा खरी. पण शाळेची इमारत, छप्पर आणि प्रयोगशाळा स्थानिक करावरच राहिली, आणि जे विभाग आधीच अधिक खर्च करीत त्यांना ती मुभा पुढेही मिळाली. त्याच सुमारास खाजगी व्यवस्थापनाच्या सार्वजनिक अनुदानित शाळांना मोकळे रान मिळाले. विद्यार्थ्यांमागे पैसा फिरू लागला आणि शहरातील शाळा ओस पडू लागल्या. १९९९ पासून राज्य सरकारने दोनदा शहराच्या शाळांचा कारभार ताब्यात घेतला; मतदारांनी निवडलेले मंडळ बाजूला सारले गेले आणि कर्ज मात्र वाढत गेले. २०१३ मध्ये तर शहरच दिवाळखोरीत निघाले.

२०१६ साली शहरातील विद्यार्थ्यांनी राज्यावर खटला भरला. मागणी काय, तर वाचावयास शिकण्याचा हक्क! जगातील सर्वांत श्रीमंत देशात, मुलांना न्यायालयात जाऊन अक्षरओळखीचा हक्क मागावा लागला. एप्रिल २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मान्य केला. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली आणि पूर्ण पीठाने आधीचा निकाल रद्द ठरवला. म्हणजे पैसे काही मिळाले, हक्क मात्र कायद्याच्या पुस्तकात राहिला नाही.

आपली माणसे कोणत्या बाजूला?

या चित्रात केवळ दोन रंग नाहीत. हबर्ड यांचे डिअरबॉर्न आज बहुसंख्येने अरब वंशाच्या लोकांचे आहे. हॅमट्रॅमक येथे पोलिश कामगारांच्या जागी येमेनी आणि बांगलादेशी श्रमिक आले आहेत. साउथफील्डसारख्या उपनगरात कृष्णवर्णी मध्यमवर्ग स्थिरावला आहे. आणि नोवाय, ट्रॉय, कँटन या उपनगरांत भारतीय अभियंते, डॉक्टर, संगणक-तज्ज्ञ आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. ती तेथे ‘शाळा चांगली’ म्हणून घर घेतात. त्यात गैर काय, असे कोणी विचारील. वैयक्तिक पातळीवर गैर काहीच नाही. पण आपण कोणत्या भिंतीच्या कोणत्या बाजूला राहावयास आलो, हे ठाऊक असले पाहिजे.

भारतीयांच्या उत्पन्नाचे आकडे दाखवून ‘यांना जमले, तुम्हांला का नाही?’ असे कृष्णवर्णीयांना सुनावले जाते, आणि आपल्यांपैकी काहींना ते ऐकून धन्यता वाटते. ही तुलनाच खोटी आहे. आपल्या देशाच्या खर्चाने शिकलेली, प्रवेश-परीक्षांतून आणि बहुधा जातीच्या चाळणीतूनही आधीच निवडली गेलेली माणसे तेथे गेली. त्यांना वाट मिळाली ती १९६५ च्या स्थलांतर-कायद्याने. आणि वांशिक कोटे मोडणारा तो कायदा ज्या वातावरणात झाला, ते कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने निर्माण केले होते. ज्यांच्या रक्ताने दार उघडले त्यांनाच दाराबाहेर पाहून नाक मुरडणे हा कृतघ्नपणा होय. आणि ते दार आपल्यासाठीही कायमचे उघडे आहे असे समजू नये. १९८२ मध्ये, जपानी मोटारींमुळे नोकऱ्या जात असल्याचा राग शिगेला पोचला असताना, डेट्रॉइट परिसरात व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघा गोऱ्यांनी चेंडूफळीच्या दांड्याने ठार मारले. राज्याच्या न्यायालयाने त्यांना तीन हजार डॉलर दंड करून तुरुंगाविना सोडले.

आपली परंपरा वेगळी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कृष्णवर्णी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. मे १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे खानावळीत प्रवेश नाकारला गेल्यावर डॉ. लोहिया दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेले आणि अटक करून घेतली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव कोठून घेतले, हे सांगावयास नको. परदेशस्थ मराठी माणसाने यांतील कोणाचा वारसा सांगावयाचा, हे त्याने ठरवावे.

धडा

डेट्रॉइटपासून आपण काय शिकावयाचे? पहिली गोष्ट अशी की, समान वेतन ही लढाईची सुरुवात आहे, शेवट नव्हे. घर, शाळा आणि वारसाहक्काने येणारी संपत्ती यांना हात न लावता मिळवलेली वेतनवाढ एका पिढीत विषमतेत विरघळते. २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतील मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे दोन लाख पंच्याऐंशी हजार डॉलर्स होती, तर कृष्णवर्णी कुटुंबाची पंचेचाळीस हजारांच्या आत. पगारातील फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

दुसरी गोष्ट, सीमारेषेकडे लक्ष ठेवावयाचे. उघड बहिष्कार आता कोणी लिहून ठेवत नाही. नकाशावर एक रेघ ओढली जाते आणि तिच्यापुढे कायदा जात नाही. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना दिल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. शहरांत अशी शाळा कोठे नसते? एक किलोमीटरची ही रेघ म्हणजे आपल्या आठव्या मैलाची भिंतच होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, ही समाधानाची गोष्ट. पण आपल्या पक्षाच्या किती शाखांनी त्या पाच महिन्यांत पालकांच्या सभा घेतल्या? आणि आपल्यांपैकी किती जणांची मुले त्या पंचवीस टक्क्यांच्या शेजारी बसतात?

हा प्रश्न कोणाला लाजवण्यासाठी नाही. रूथर यांच्या संघटनेतील माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी मार खाल्ला होता, संप केले होते, तुरुंग पाहिले होते. संध्याकाळी घरी जाताना मात्र त्यांनी आठवा मैल ओलांडला आणि मागे वळून पाहिले नाही. साथींनो, आपण रोज संध्याकाळी कोणता रस्ता ओलांडून घरी जातो, याचा विचार शाखेच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाने मोकळेपणाने मांडावा, एवढीच विनंती आहे.